बासष्ट मिनिटांची थाप

कोल्हापूरपासून नांदेड किती दूर, असा प्रश्न आज एखाद्या चुणचुणीत मुलाला विचारावा, तर तो भूगोलाचे पुस्तक उघडत नाही. तो वडिलांचा मोबाइल उचलतो, त्यात दोन विमानतळांची नावे घालतो आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उत्तर देतो : सुमारे ४२५ किलोमीटर, उड्डाणास लागणारा वेळ एक तास दोन मिनिटे. घरातली वडीलधारी मंडळी कौतुकाने मान डोलवतात. आजोबांच्या तरुणपणी याच प्रवासाला एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र पुरत नव्हती, याची आठवण निघते. जग किती जवळ आले, असा एक सुस्कारा सोडला जातो, आणि सारे पुन्हा चकलीकडे वळतात.

माझे म्हणणे असे की, हे उत्तर म्हणजे शुद्ध थाप आहे. आणि थाप जेव्हा आकड्याचे कपडे घालून येते, तेव्हा ती अधिक घातक असते. ‘तासाभराचा रस्ता’ असे कोणी म्हटले, तर आपण सावधपणे हसतो; दोन-चार तास कुठे तरी मुरणार हे आपण गृहीत धरतो. पण ‘बासष्ट मिनिटे’ म्हटले की आपली मान लवते. ज्याने शेवटची दोन मिनिटेसुद्धा मोजली, त्याने उरलेले सारे काही मोजलेच असणार, असा आपला भाबडा समज होतो. वास्तविक त्याने मोजले काहीच नाही. त्याने केवळ भागाकार केला आहे.

हा भागाकार कसा होतो, ते समजून घ्यायला दहावीपुरते गणित पुरते, आणि माझ्यापाशी त्याहून अधिक नाही. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमधले जे सर्वांत कमी अंतर, ते प्रथम काढायचे. कोल्हापूरच्या उजळाईवाडीचा विमानतळ आणि नांदेडचा विमानतळ यांच्यात ते ४२५ किलोमीटरच्या आसपास भरते. वैमानिक नॉटिकल मैलात मोजतात, त्यांच्या भाषेत सुमारे २३०. मग मोठ्या जेट विमानाचा तासाला ८०० किलोमीटर हा ठोकळ वेग घ्यायचा. ४२५ ला ८०० ने भागले की बत्तीस मिनिटे येतात. चढण्या-उतरण्याबद्दल सरसकट अर्धा तास वर टाकायचा. झाली बासष्ट मिनिटे! या हिशेबात वैमानिक नाही, वारा नाही, पाऊस नाही, प्रवासी नाही. आणि गंमत अशी की, विमानही नाही.

विमान नाही, हे मी अलंकारिक भाषेत म्हणत नाही. लहान शहरांमधून उडणारी बरीचशी विमाने पंख्यांची असतात. एटीआर जातीचे सत्तरेक आसनांचे विमान तासाला पाचशे किलोमीटरच्या आतबाहेर जाते, आठशेने नव्हे. त्याला ४२५ किलोमीटरची सरळ रेषा मिळाली, तरी नुसते हवेत एक्कावन्न मिनिटे लागतील. सरळ रेषा तर कधीच मिळत नाही. विमानाला वाऱ्याच्या तोंडावर धाव घेऊन उडावे लागते, मग वळून आपली वाट धरावी लागते. उतरतानाही धावपट्टीच्या रोखात येण्यासाठी वळसा घ्यावा लागतो. जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा काळ विमानकंपन्या आपल्या वेळापत्रकात धरतात, आणि तो सव्वा तासाखाली येणे कठीण. तेव्हा बासष्ट मिनिटे हा आकडा ज्या विमानाचा आहे, ते या वाटेवर येण्याचा संभव थोडा. आणि जे येण्याचा संभव आहे, त्याचा हा आकडा नाही.

याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. विमान त्या वाटेवर जात असो वा नसो, आकडा मात्र जागेवरून हलत नाही. विमानांची वेळापत्रके वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बदलतात. एखाद्या हंगामात दोन गावांमध्ये थेट विमान असते, पुढच्या हंगामात ते नाहीसे होते. पण मोबाइलमधली बासष्ट मिनिटे चिरंजीव! खात्री करून घ्यायची असेल, तर सिंधुदुर्गाचा चिपी विमानतळ आणि गोव्यातला मोपा विमानतळ ही जोडी घेऊन पाहावी. एक वेंगुर्ले तालुक्यात, दुसरा पेडणे तालुक्यात. मध्ये तेरेखोलची नदी. सरळ रेषेत अंतर पन्नास किलोमीटरही नाही. या दोहोंमध्ये प्रवाशांना घेऊन जाणारे विमान नाही, आणि शहाण्या माणसाने ते मागूही नये. पण आपल्या भागाकाराच्या रीतीने त्यांच्यातही उड्डाणाचा काळ निघतो : तेहतीस-चौतीस मिनिटे. नसलेल्या विमानाचा नसलेला प्रवास मिनिटांच्या हिशेबात सांगणाऱ्या या विद्येला काय नाव द्यावे? पंचांगातले ज्योतिषी निदान ‘योग आहे’ एवढेच म्हणून थांबतात.

थेट विमान नसले, म्हणजे प्रवासी काय करतो? तो तिसऱ्या शहराला जातो आणि तेथून दुसरे विमान धरतो. कोल्हापूरहून हैदराबाद आणि हैदराबादहून नांदेड, अशी वाट धरली असे समजा. कोल्हापूर ते हैदराबाद सरळ रेषेत सुमारे ४४५ किलोमीटर, आणि हैदराबाद ते नांदेड सुमारे २४५. बेरीज ६९० झाली. त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा मोठी असते, हे आम्ही शाळेत घोकून घेतो; मुलांना त्याचा उपयोग काय ते कळत नाही. उपयोग हा. सव्वाचारशेचे सातशे होतात आणि वर दुसऱ्या विमानाची वाट पाहण्यात जाणारे तास वेगळेच. हे तास कोणत्याही भागाकारात येत नाहीत, कारण त्या तासांत विमान उडत नसते. माणूस बसलेला असतो.

आणि हाच माझ्या तक्रारीचा गाभा आहे. उड्डाणाचा वेळ हा विमानाचा वेळ आहे, माणसाचा नव्हे. विमानतळापासून विमानतळापर्यंतचा प्रवास जगात फक्त विमान करते. माणूस उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचा प्रवास करतो.

आता उंबरठ्याचा हिशेब करू. समजा, चंदगड तालुक्यातली एक मुलगी किनवट तालुक्यात दिली आहे आणि तिचा भाऊ भाऊबीजेला तिच्या घरी निघाला आहे. चंदगड हे कोल्हापूर जिल्ह्याचे दक्षिणेकडले टोक आणि किनवट हे नांदेड जिल्ह्याचे उत्तरेकडले टोक. दोन्ही आपापल्या जिल्ह्याच्या गावापासून शंभरावर किलोमीटर लांब. भावाला एसटीने कोल्हापूर गाठायला तीन तास धरा. स्थानकापासून उजळाईवाडीला अर्धा तास. विमान सुटण्यापूर्वी दोन तास हजर राहा, अशी सूचना असते आणि तासभर आधी सामान घेण्याची खिडकी बंद होते. तेव्हा तेथे दोन तास. थेट विमान आहे असे उदारपणे मानू, त्याचा सव्वा तास. उतरून सामान हाती यायला अर्धा तास. तेथून नांदेडच्या एसटी स्थानकावर जायला अर्धा तास. किनवटच्या गाडीची वाट पाहण्यात एक तास. आणि पुढच्या प्रवासाला साडेतीन तास. बेरीज करा : सव्वाबारा तास. त्यात विमानाचा वाटा सव्वा तास, म्हणजे रुपयातला दहावा हिस्सा. उरलेला नऊ दशांश प्रवास जमिनीवर झाला, आणि त्याविषयी कोणतीही जाहिरात अवाक्षर काढत नाही. शिवाय चंदगडकराला कोल्हापूरपेक्षा बेळगावजवळचा सांबऱ्याचा विमानतळ पुष्कळच जवळ. पण तो राज्याच्या सीमेपलीकडे पडतो, आणि आपल्या योजना जिल्ह्याच्या नकाशावर आखल्या जातात, पायवाटेवर नव्हे.

येथे कोणी म्हणेल, ‘मास्तर, तरीही विमानाने फायदा झालाच की! हाच प्रवास सगळा रस्त्याने केला असता, तर गाड्या बदलत अठरा-वीस तास लागले असते.’ अगदी खरे. विमानाने सहा-सात तास वाचवले, हे मी नाकारीत नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. या सव्वाबारा तासांतून आणखी दोन तास वाचवायचे असतील, तर ते कोठून वाचतील? विमानाचा वेग दुप्पट केला, तर एक्कावन्न मिनिटांची पंचवीस होतील. वाचली सव्वीस मिनिटे. त्यासाठी जगातल्या मोठमोठ्या कारखान्यांना डोके खाजवावे लागेल. उलट विमानतळाच्या दाराशी, विमान उतरण्याच्या वेळेला, थेट किनवटची एक एसटी उभी केली, तर स्थानकावर जाण्याचा अर्धा तास आणि वाट पाहण्याचा एक तास मिळून दीड तास वाचेल. त्यासाठी आगारातल्या एका फळ्यावर खडूने एक ओळ बदलावी लागेल. वेग वाढवणे महाग आहे आणि वाट पाहणे कमी करणे स्वस्त आहे. पण वेगाचे उद्घाटन करता येते, कमी झालेल्या प्रतीक्षेला फीत बांधता येत नाही. सारी गोम येथे आहे.

अजून एक हिशेब राहिला, आणि तो सर्वांत जिव्हारी लागणारा आहे. लहान विमानतळांवरची कित्येक उड्डाणे रोज नसतात. आठवड्यातून तीन दिवस विमान आहे, सोमवार, बुधवार, शुक्रवार, असे समजा. सणाला जाणारा माणूस वार पाहून निघेल. पण ज्याला घरून निरोप आला आहे की ‘आईचे काही खरे नाही, लगेच नीघ’, त्याला वार पाहता येत नाही. निरोप आठवड्याच्या कोणत्याही घटकेला येतो. सोमवार ते बुधवार दोन दिवस, बुधवार ते शुक्रवार दोन दिवस, शुक्रवार ते सोमवार तीन दिवस. या अंतरांवरून सरासरी काढली, तर अशा माणसाला पुढच्या विमानासाठी सरासरी एकोणतीस तास थांबावे लागते. शुक्रवारचे विमान नुकतेच उडाले असेल, तर पुरते बहात्तर तास! म्हणजे ज्या गोष्टीचे वर्णन ‘बासष्ट मिनिटांवर’ असे केले जाते, ती गरजेच्या वेळी माणसापासून सरासरी एकोणतीस तासांवर असते. तोवर तो मुकाट्याने एसटीत बसला असता, तर वीस तासांत आईच्या उशाशी पोचलाही असता. वाहन किती जलद धावते, हा एक प्रश्न. ते किती वेळा धावते, हा दुसरा. गरिबाचे आयुष्य बहुतेक दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून असते, आणि आपण मुलांना फक्त पहिला शिकवतो.

‘एवढ्या एका आकड्याचा राग कशाला धरता?’ असे वाचक विचारतील. राग अशासाठी की, हा आकडा आता मुलांच्या करमणुकीपुरता राहिलेला नाही. त्याच्यावर सार्वजनिक पैसा खर्च होतो. केंद्र सरकारने २०१६ साली लहान शहरांना विमानाने जोडण्याची ‘उडान’ योजना जाहीर केली. २७ एप्रिल २०१७ रोजी शिमल्याहून दिल्लीला तिचे पहिले विमान उडाले, आणि त्याच समारंभात आपल्या नांदेडहून हैदराबादला जाणाऱ्या सेवेलाही हिरवा झेंडा दाखवला गेला. तासाभराच्या, म्हणजे सुमारे पाचशे किलोमीटरच्या उड्डाणाला निम्म्या आसनांवर २,५०० रुपयांची मर्यादा, आणि कंपनीला येणारी तूट तीन वर्षे सरकारने भरून द्यायची, अशी ती रचना. भाड्याच्या मर्यादा अंतराच्या टप्प्यांप्रमाणे ठरल्या. आणि अंतर कोणते? विमानतळापासून विमानतळापर्यंतचे. चंदगड आणि किनवट त्या हिशेबात कोठेच बसत नाहीत. सामान्य माणसाला आकाश मोकळे व्हावे हा हेतू चांगलाच होता. त्याची थट्टा करण्याचे मला कारण नाही.

पण हेतूला फळ काय आले, ते सरकारच्याच हिशेबतपासनिसाने सांगितले आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा या योजनेवरचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेपुढे आला. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग मंजूर झाले होते. त्यांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. ज्या ३७१ मार्गांवर उडाले, त्यांपैकी ११२ मार्गांनीच सवलतीची तीन वर्षे पुरी केली. आणि सवलत संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिले ते अवघे ५४. शंभरातले सात! शाळेत शंभरांतली सातच मुले वरच्या वर्गात गेली, तर मुख्याध्यापकाला गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मात्र या ७७४ मार्गांपैकी प्रत्येकाचा ‘उड्डाणाचा वेळ’ आजही कोणीही मिनिटांत सांगू शकतो. जे ४०३ मार्ग जन्मलेच नाहीत, त्यांचाही. नांदेडहून हैदराबादला पहिले विमान नेणाऱ्या कंपनीची उड्डाणे २०२२ च्या सुरुवातीला बंद पडली. त्यामुळे नांदेड-हैदराबाद अंतरात एका मीटरचाही फरक पडला नाही. फरक पडला तो नांदेडकराला.

कोकणचे उदाहरण याहून बोलके आहे. चिपीच्या विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. मुंबईहून एटीआर विमान आले. चाकरमान्यांच्या कित्येक पिढ्यांनी बोटीतून, मग एसटीतून आणि १९९८ पासून कोकण रेल्वेतून जो प्रवास अंग दुमडून केला, तो आता दीड तासाच्या आत, असे सर्वत्र छापून आले. आनंद करण्यासारखीच ती गोष्ट होती. पण त्याच महिन्याच्या अखेरीस महाराष्ट्रातल्या एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. खेड्यापाड्यांतल्या गाड्या बंद झाल्या. त्या हिवाळ्यात नकाशावरचे एकही गाव आपल्या जागेवरून हलले नव्हते. पण वाडीपासून हायस्कूल, वाडीपासून दवाखाना, वाडीपासून बाजार ही सगळी अंतरे एकाएकी वाढली. आठ किलोमीटरची शाळा कित्येक मुलींना आठशे किलोमीटरवर गेल्यासारखी झाली. सिंधुदुर्ग मुंबईच्या जवळ आले, असे आपण म्हणत होतो, त्याच महिन्यांत सिंधुदुर्गातली खेडी सिंधुदुर्गापासूनच दूर गेली होती. या दुसऱ्या अंतराचा आकडा कोणी छापला? पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन वर्षांची सवलत संपली आणि ती मुंबईची विमानसेवाही थांबली. दरम्यान चाळीस-पन्नास किलोमीटरवर मोपाचा मोठा विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन होऊन जानेवारी २०२३ पासून चालू झालेला होताच. दोन विमानतळ शेजारी-शेजारी. पण सावंतवाडीच्या पलीकडल्या वाडीतल्या म्हातारीला त्यांपैकी एकाच्याही दाराशी नेणारी गाडी किती वाजता आहे, हे विचारणारा मनुष्य मूर्ख ठरतो.

मला प्रगतीचा शत्रू ठरवू नये. कोल्हापूरच्या विमानतळाला राजाराम महाराजांचे नाव आहे आणि त्याचा इतिहास १९३९ पर्यंत मागे जातो. लहान गावांनी आकाशाकडे पाहू नये असे म्हणणारा मनुष्य त्या वेळीही चूक ठरला असता आणि आजही ठरेल. तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावयाचा रुग्ण, परदेशी शिकायला निघालेला मुलगा, दूर सीमेवरून चार दिवसांच्या रजेवर आलेला जवान, यांना विमानाचा एक तास सोन्याच्या मोलाचा आहे. विमान हवेच. माझे भांडण विमानाशी नाही. विमानाच्या तासाला गावाचे अंतर मानणाऱ्या हिशेबाशी आहे. राज्यकर्त्याच्या खोलीतल्या नकाशावर कोल्हापूर आणि नांदेड बासष्ट मिनिटांवर आले, की मधली सारी माणसे एकदम दिसेनाशी होतात. सांगोले, पंढरपूर, बार्शी, लातूर, अहमदपूर, ही नुसती खिडकीतून खाली दिसणारी ठिपक्यांची ओळ उरते.

त्या ठिपक्यांनी एकदा आपली आठवण करून दिली होती. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायला पाणी उरले नाही. लातूरला विमानतळ आहे. लातूर मुंबईपासून किती मिनिटांवर, हे तेव्हाही सांगता आले असते. पण पाणी आले ते मिरजेहून, कृष्णाकाठचे, आगगाडीच्या टाक्यांत भरून, सुमारे ३४० किलोमीटर रुळांवरून. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी पोचली, दहा टाक्या आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. ज्या वाटेवर एके काळी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मापाची गाडी रखडत चालत असे आणि जिच्या मंदगतीची लोक टिंगल करीत, त्याच वाटेवरच्या रुंद झालेल्या रुळांनी एका शहराची तहान भागवली. संकटाच्या दिवशी कामाला येते ती जमिनीवरची, रोजची, कंटाळवाणी वाट. म्हणून तिचा हिशेब आधी ठेवावा लागतो.

नुसती टीका करून थांबणे मास्तराला शोभत नाही; चुकीचे उत्तर खोडल्यावर शेजारी बरोबर उत्तर लिहावे लागते. माझ्या मागण्या चार आहेत आणि चारही स्वस्त आहेत. पहिली : कोणत्याही सरकारी जाहिरातीत वा भाषणात उड्डाणाचा वेळ सांगितला, तर त्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, आठवड्यातून किती दिवस विमान आहे आणि त्या जिल्ह्यातल्या सर्वांत दूरच्या तालुक्याच्या गावापासून पोचायला एकूण किती तास लागतात, हे छापावे. दुसरी : सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक उड्डाणाच्या वेळेला जोडून एसटीची गाडी असावी, विमानाला उशीर झाला तर गाडीने थांबावे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली गाडी सोडणाऱ्या या संस्थेला हे अवघड नाही. वृद्धांना मोफत आणि महिलांना अर्ध्या तिकिटात नेण्याची योजना जी गाडी राबवू शकते, ती विमानतळाच्या फाटकापर्यंतही जाऊ शकते. तिसरी : विमानाच्या आसनामागे तूट भरून देताना, तोच रुपया तालुक्याच्या गाडीवर घातला असता तर किती माणसांचे किती तास वाचले असते, याचा हिशेब शेजारच्या रकान्यात मांडावा आणि लोकांपुढे ठेवावा. हिशेब विमानाच्या बाजूने लागला, तर विमान खुशाल उडवावे. मी पेढे वाटीन. चौथी मागणी आमच्याच खात्याकडे आहे : काळ, अंतर आणि वेग यांच्या गणितांत थांबण्याचा वेळ घालावा. आमची पाठ्यपुस्तकातली आगगाडी कधी सिग्नलला उभी राहत नाही, आमची मोटार कधी पंक्चर होत नाही, आणि आमच्या प्रवाशाला कधी वाट पाहावी लागत नाही. अशा गणितांवर वाढलेले मूल पुढे मंत्रालयात बसले, तर त्याने दुसरे काय करावे?

वाचकहो, दिवाळीत तुमच्या घरी पाहुणे येतील, तुमची मुले परगावाहून येतील. ‘किती किलोमीटर पडले?’ असे त्यांना विचारू नका. ‘घरातून किती वाजता निघालास, आणि त्यातले किती तास नुसता थांबलास?’ असे विचारा. उत्तरे एका कागदावर लिहून ठेवा. चार घरांची उत्तरे एकत्र केली, तर तुमच्या तालुक्याचा जो नकाशा तयार होईल, तो कोणत्याही कचेरीतल्या नकाशापेक्षा खरा असेल; आणि मते मागायला येणाऱ्या माणसापुढे तो पसरून ठेवता येईल.

मुलांना सुट्टीचा अभ्यास हवाच असतो, निदान आम्हा मास्तरांचा तसा समज आहे; म्हणून एक उदाहरण घालून देतो. ‘चंदगडचा भाऊ किनवटच्या बहिणीकडे भाऊबीजेला निघाला. विमान आठवड्यातून तीन दिवस आहे. भाऊबीज मात्र ज्या दिवशी आहे त्याच दिवशी आहे. तर बहिणीचे घर भावापासून किती दूर?’ रीत पूर्ण लिहावी, थांबण्याचे तास वेगळे दाखवावेत. ज्याचे उत्तर बासष्ट मिनिटे येईल, त्याला घरातल्या वडीलधाऱ्यांनी शून्य गुण द्यावेत आणि पुन्हा एकदा बेरीज करायला बसवावे.